उलट दिशेचा बाण

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या होत्या. वेळ पाळायची आणि कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. जेवणानंतरचं सत्र आहे, लोक झोपतील, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी पाण्यावर बोलणार आहे. पाण्यातून किरणोत्सर्ग गेला की त्या पाण्याचं काय होतं, आणि त्याचा हिशेब मांडताना एक अभिक्रिया धरायची राहून गेली तर माणसांचं काय होतं, एवढाच माझा विषय आहे. कॉम्प्युटर शेवटी थोडासा येईल, तेवढं चालवून घ्या.

आधी पाणी. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थातून निघणारा गॅमा किरण घ्या. त्याची ऊर्जा साधारण साडेबारा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पाण्याचा एक रेणू फोडायला त्यातला अगदी किरकोळ वाटा पुरतो. दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे सुमारे चार रेणू फुटतात, असं मोजमाप आहे. म्हणजे एक किरण पाण्यात पुरता जिरला, तर पन्नास हजारांच्या आसपास रेणू फुटले. हा हिशेब तोंडी करता येतो, बाईंनी हवं तर तपासावा.

फुटतात म्हणजे काय होतं? पाण्याच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडून जातो. मागे उरलेला धनभारित रेणू लगेच आपला एक प्रोटॉन शेजाऱ्याला देऊन टाकतो आणि हायड्रॉक्सिल मूलक उरतं. हे मूलक फार खादाड असतं. समोर येईल त्याच्याशी ते अभिक्रिया करतं. उडालेला इलेक्ट्रॉन इकडेतिकडे धडकत मंदावतो आणि मग पाण्याचे रेणू त्याच्याभोवती कोंडाळं करतात. असा पाण्याने वेढलेला इलेक्ट्रॉन खरोखर असतो, हे १९६२ साली एडविन हार्ट आणि जॉन बोग यांनी त्याचा वर्णपट टिपून दाखवलं. तो तांबडा प्रकाश शोषतो, त्यामुळे क्षणभर पाण्याला निळी छटा येते. क्षणभर म्हणजे सेकंदाचा काही लाखांशावा भाग. याशिवाय थोडे सुटे हायड्रोजन अणू तयार होतात. ही मूलकं एकमेकांना भेटली की त्यांतून थोडा हायड्रोजन वायू आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. पेरॉक्साइडपासून पुढे ऑक्सिजन मिळतो.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. किरण आला, पाणी फुटलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार झाले. अणुभट्टीत तर असे किरण अहोरात्र असतात. मग भट्टीतलं सगळं पाणी वायू होऊन का जात नाही?

इथे आपल्याला शाळेत शिकवलेला तो दुहेरी बाण आठवा. काही समीकरणांत एक बाण उजवीकडे आणि एक डावीकडे काढावा लागायचा. पाण्यातही परतीची वाट आहे. खादाड हायड्रॉक्सिल मूलकाला विरघळलेला हायड्रोजन वायू भेटला, तर पाणी तयार होतं आणि हायड्रोजनचा एक सुटा अणू उरतो. तो सुटा अणू पेरॉक्साइडला भेटला, तर पुन्हा पाणी तयार होतं आणि एक नवं हायड्रॉक्सिल मूलक उरतं. ते परत हायड्रोजन शोधायला मोकळं. ही साखळी फिरत राहते आणि फुटलेलं पाणी पुन्हा जुळत राहतं. गंमत अशी की, पाणी जुळवण्याचं हे काम करणारी मूलकंही किरणोत्सर्गानेच तयार केलेली असतात. जो फोडतो, तोच जोडतो.

अट एकच. पाण्यात हायड्रोजन पुरेसा विरघळलेला हवा. ऑगस्टिन ॲलन यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी ही साखळी अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या अणुभट्ट्यांच्या काळातच, म्हणजे १९४० च्या दशकात, समजून घ्यायला सुरुवात केली होती. म्हणूनच दाबाखालचं पाणी वापरणाऱ्या भट्ट्यांत मुद्दाम हायड्रोजन सोडतात, दर किलो पाण्यात साधारण २५ ते ५० घनसेंटिमीटर. ऑक्सिजन तयार होण्याआधीच त्याची वाट बंद होते.

आता या रसायनाची खरी परीक्षा कुठे झाली ते सांगते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीतल्या एका बेटावर थ्री माइल आयलंड नावाचं अणुवीज केंद्र होतं. २८ मार्च १९७९ ला पहाटे चारच्या सुमारास तिथल्या दुसऱ्या भट्टीत बिघाड झाला. एक झडप उघडी राहिली, पाणी निघून गेलं, गाभा उघडा पडला आणि तापून अर्ध्याच्या आसपास वितळला. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या होत्या. तापलेल्या झिर्कोनियमने वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतला आणि हायड्रोजन मोकळा सोडला. भट्टीच्या पोलादी पात्रात वर हायड्रोजनचा मोठा बुडबुडा साचला.

नुसता हायड्रोजन जळत नाही, त्याला ऑक्सिजन लागतो. म्हणून शनिवारी, ३१ मार्चला, प्रश्न उभा राहिला की किरणोत्सर्गाने पाणी फुटून त्या बुडबुड्यात ऑक्सिजन मिसळतोय का? अणुऊर्जेवर नियंत्रण ठेवणाऱ्या तिथल्या आयोगाच्या तज्ज्ञांनी आकडे मांडले. ऑक्सिजन दिवसाला सुमारे एक टक्क्याने वाढतोय, असा एक अंदाज निघाला. पाच टक्क्यांच्या आसपास मिश्रण पेट घेऊ शकतं. म्हणजे हाताशी फार थोडे दिवस. पात्रात स्फोट झाला तर पुढे काय, याची कल्पना करा. ही बातमी त्या रात्री बाहेर पडली.

त्याआधीच, शुक्रवारी, राज्यपालांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रियांना आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना दूर जायचा सल्ला दिला होता. प्रत्यक्षात त्या दिवसांत सुमारे १ लाख ४० हजार लोक घरं सोडून गेले. लहान मूल घेऊन, गाडीत सामान कोंबून, परत कधी यायचं ते माहीत नसताना निघालेली माणसं. भट्टीतल्या एका बुडबुड्याचं गणित या माणसांच्या झोपेपर्यंत जाऊन पोहोचलं होतं.

त्याच आयोगातले एक अभियंते, व्हिक्टर स्टेलो, म्हणत होते की हे गणित चुकतंय. या पाण्यात हायड्रोजन भरपूर आहे. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे. मग परतीची साखळी जोरात चालणार आणि ऑक्सिजन टिकणारच नाही. दुसऱ्या बाजूला रॉजर मॅटसन होते. त्यांच्या हातात सल्लागारांचे आकडे होते आणि ते आकडे धोका दाखवत होते. रविवारी, १ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः भेटीला आले. ते पोहोचले तेव्हाही विमानतळावरच्या हँगरमध्ये या दोघांचा वाद चालूच होता. त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांशी आणि भट्ट्या बांधणाऱ्यांशी बोलून खात्री झाली की स्टेलो बरोबर आहेत. पात्रात स्फोटाला लागणारा ऑक्सिजन नव्हता. सोमवारपर्यंत बुडबुडाही खूप आक्रसला.

आकडेमोड करणाऱ्यांना पाणी किती फुटतं ते ठाऊक होतं. तो आकडा बरोबर होता. ते पुन्हा किती जुळतं, हे हिशेबात नव्हतं. जमा लिहिली होती, खर्च लिहिला नव्हता.

पण मॅटसन यांना हसायचं कारण नाही, हेही मी आवर्जून सांगेन. अपघाताच्या पहिल्याच दिवशी दुपारी हायड्रोजन जळालेला होता, पण तो पात्राबाहेर, भट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या इमारतीत. तिथे हवा होती, म्हणजे ऑक्सिजन होता. २०११ च्या मार्चमध्ये जपानच्या फुकुशिमात इमारती फुटल्या, त्याही अशाच हायड्रोजनने. तोच हायड्रोजन पाण्यात विरघळला की रक्षक ठरतो आणि हवेत मिसळला की स्फोटक. म्हणून "किरणोत्सर्गाने पाण्याचं काय होतं?" याला एका वाक्यात उत्तर नाही. पाण्यात काय विरघळलंय, भांडं बंद आहे की उघडं, पाणी उकळतंय की नाही, हे विचारावं लागतं.

उकळण्याचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, आणि त्या उकळत्या पाण्याच्या आहेत. उकळताना तयार झालेला हायड्रोजन वाफेबरोबर निघून जातो, पाण्यात राहतच नाही. त्यामुळे जुळवणारी साखळी तिथे अपुरी पडते आणि वाफेबरोबर थोडा हायड्रोजन आणि ऑक्सिजन सतत बाहेर पडतो. अशा भट्ट्यांत हे दोन वायू उत्प्रेरकावर एकत्र आणून त्यांचं पुन्हा पाणी करायची सोय करतात. निसर्ग जे बंद पात्रात आपणहून करतो, ते इथे माणसाला करावं लागतं.

आणि एक उदाहरण आपल्या शरीरातलं. आपल्या वयाला आता प्रत्येकाच्या घरात किंवा ओळखीत कुणीतरी रेडिएशनचे उपचार घेतलेलं असतं. तिथेही किरण पेशीतलं पाणी फोडतो आणि डीएनएची बरीचशी मोडतोड ती खादाड हायड्रॉक्सिल मूलकं करतात. जवळ ऑक्सिजन असेल तर ती मोडतोड पक्की होते, नसेल तर काही दुरुस्त होऊन जाते. म्हणून गाठीच्या आतल्या, रक्त कमी पोहोचणाऱ्या पेशी मारायला दोन ते तीन पट मात्रा लागू शकते. किरण तोच, पाणी तेच, पण त्यात काय विरघळलंय यावर सगळं ठरतं.

आता कबूल केलेला कॉम्प्युटर. थ्री माइल आयलंडच्या चौकशीसाठी कार्टर यांनी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष होते गणितज्ञ जॉन केमेनी. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. लोकांच्या आरोग्यावर झालेला सर्वांत मोठा परिणाम मानसिक ताणाचा होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. केमेनी हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्यांचं काम तुम्ही सगळ्यांनी हाताळलंय. चपला बाहेर काढून, रांगेने आपण त्या थंडगार खोलीत जायचो आणि "१० प्रिंट, २० गोटू १०" असं टाइप करून पडदा आपल्या नावांनी भरून टाकायचो, ती बेसिक भाषा १९६४ साली केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी तयार केली होती. कॉम्प्युटर सर्वसाधारण विद्यार्थ्याला वापरता यावा, म्हणून.

माझं पोट मॉडेलं लिहिण्यावर चालतं. कुठे काय साचत जाईल, कधी किती होईल, याची भाकितं. या विषयाने मला कामात एक सवय लावली. कुणी वाढत जाणारा आलेख समोर ठेवला की मी विचारते, हे कमी कशाने होतं, आणि ते यात धरलंय का? कधी उत्तर येतं की धरलंय आणि धोका खरा आहे. मग कामाला लागायचं. कधी समोरचा गप्प होतो. मग आधी ते शोधायचं. दोन्ही वेळा प्रश्न विचारण्याचा उपयोग होतो. बातमीतले आकडे वाचताना तो तुम्हीही विचारून पाहा. आणि घरातली मुलं रसायनशास्त्राचं समीकरण लिहीत असतील, तर दोन्ही बाण आहेत ना, एवढं बघा.

बाई, सर, आमच्या उत्तरपत्रिकांतले राहिलेले बाण तुम्ही लाल शाईने काढून द्यायचात. त्याबद्दल मनापासून आभार. चहा आलाय, मी थांबते.