टाकून दिलेल्या कोयीचे मोल
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आमरसाचा कारखाना असो वा घरचे स्वयंपाकघर, रस काढून झाला की कोयी उकिरड्यावर जातात. द्राक्षाच्या बिया आणि चिंचोक्यांची टरफले यांच्याही वाट्याला बहुधा तेच येते. या टाकाऊ भागांत रोग बरे करण्याची शक्ती आहे काय, असे रुग्णांचे नातलग आम्हांस विचारतात. त्याविषयी आज दोन शब्द सांगावेसे वाटतात.

या बियांत गुण आहेत, हे निश्चित. कोयीच्या आतील गरात टॅनिन, गॅलिक आम्ल व एलाजिक आम्ल असते. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात त्याचा अर्क घातला की रंग फिका पडतो. ही ऑक्सिडीकरणरोधक गुणाची खूण होय. जंतू वाढविलेल्या काचेच्या बशीत अर्क ठेवला, तर भोवती जंतुविरहित वर्तुळ उमटते. जखमेत पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूवर हा परिणाम बहुधा अधिक दिसतो; ई. कोलायसारख्या जंतूंना बाहेरच्या जादा आवरणाचे संरक्षण असते. आयुर्वेदानेही अतिसारावर आम्रबीज सांगितले आहे.

परंतु बशीतील वर्तुळ म्हणजे औषध नव्हे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीभोवतीचे असे वर्तुळ १९२८ साली दिसले. शुद्ध केलेले पेनिसिलिन ऑक्सफर्डच्या संशोधकांनी संसर्गाने जर्जर झालेल्या रुग्णास टोचले, ते १९४१ साली. त्यास उतार पडू लागला; पण साठा संपला आणि तो दगावला. शुद्धता, मात्रा, सुरक्षितता आणि पुरवठा यांची वाट चालल्यावाचून गुणाचे औषध होत नाही.

ऑक्सिडीकरणरोधकांचा अनुभवही असाच सावध करणारा आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

साध्या चुर्णालाही मर्यादा आहेत. टॅनिन अन्नातील लोहाशी बांधले जाते व त्याचे शोषण घटते. रक्तक्षयाच्या रुग्णाने हे ध्यानी ठेवावे. दमट जागी साठविलेल्या कोयींना बुरशी लागते. ओडिशातील काशीपूर भागात २००१ साली कोयीची पेज खाल्ल्यानंतर काही आदिवासी बांधव मृत्यू पावले. कारण विषबाधा की उपासमार, यावर मोठा वाद झाला. पोटासाठी कोय साठवावी लागते, ही व्यथा त्या वादापलीकडची आहे.

तरीही कोयीचे मोल कमी होत नाही. तिच्या गरातील स्निग्धांश कोकोच्या लोण्याशी मिळताजुळता असल्याने युरोपीय संघाने २००० सालच्या निर्देशानुसार तो चॉकलेटमध्ये ठराविक प्रमाणात वापरण्यास मुभा दिली. अन्न टिकविण्यासाठी अशा अर्कांचा उपयोग करण्यावर संशोधन चालू आहे. तेथे या टाकाऊ मालाचे सोने होऊ शकेल.

रुग्णांच्या आप्तजनांस आमची कळकळीची विनंती आहे. मधुमेही माणसाच्या पायाची जखम चुर्णावर सोपवू नका. तेथे गेलेला एकेक दिवस पायाच्या जिवावर बेततो. प्रतिजैविकांचा क्रम आपल्या मनाने अर्ध्यावर तोडू नका. एखादे चूर्ण घेत असाल तर ते निःसंकोच आमच्यासमोर ठेवा. रागावणार कोणी नाही. आणि देणगीदारहो, रुग्णाला विचारण्यास व समजावण्यास लागणारा वेळ आपल्या औदार्यामुळेच आम्हांस लाभतो. त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.