कोऱ्या फॉर्मवर सही



मी मूळचा धुळ्याचा. 28 वर्षं फौजेत काढली आणि निवृत्तीनंतर महूला घर केलं. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथून कुठून तुम्ही हे ऐकत असाल तिथे गाडीच्या विम्याचे नियम एकच आहेत. म्हणून माझी गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

आधी कबुली देतो. विम्याच्या बाबतीत मी अगदी अडाणी होतो. त्याला कारणही आहे. केंद्र सरकारच्या गाड्यांना सक्तीच्या विम्यातून कायद्यानेच सूट आहे. त्यामुळे फौजेच्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीशी संबंध येत नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. जागेचा नकाशा काढतात, साक्षी घेतात, आणि ड्रायव्हरचं निवेदन ड्रायव्हरच देतो. आपण काय लिहिलंय ते वाचून मग सही करतो. मी स्वतः अशा चौकश्या केल्या आहेत आणि "न वाचता सही करायची नाही" हे जवानांना शेकडो वेळा सांगितलं आहे.

आता ऐका, मी काय केलं ते.

गेल्या वर्षी आम्ही दोघं धुळ्याहून महूला परत येत होतो. सेंधव्यापर्यंत मी चालवली, मग चहा झाल्यावर पत्नी बसली. ती पंचवीस वर्षं गाडी चालवते आणि माझ्यापेक्षा शांतपणे चालवते. संध्याकाळी मानपूरच्या अलीकडे दुभाजकाच्या झुडपातून एक गाय एकदम रस्त्यावर आली. हिने ब्रेक मारला, गाय वाचली, पण गाडी घसरून दुभाजकावर आदळली. बंपर, बॉनेट, एका बाजूचं फेंडर गेलं आणि समोरची काच तडकली. हिच्या उजव्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला. बाकी देवाची कृपा.

तिथे मी जे केलं ते बरोबर केलं. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले. रस्ता, दुभाजक आणि नंबर प्लेट एकत्र दिसतील असेही काढले. राष्ट्रीय महामार्गाच्या 1033 या मदत क्रमांकावर फोन केला. मग विमा कंपनीला तिथूनच फोन करून सांगितलं, "गाडी माझी पत्नी चालवत होती." रात्री दवाखान्यात जाऊन तिचा खांदा दाखवला. तिथला कागद जपून ठेवला.

तुमच्या अपघातात दुसरं कोणी जखमी झालं असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर आधी जखमी, मग पोलीस. आणि रस्त्यावर उभं राहून कोणाला पैशाचं वचन देऊ नका. कंपनीला न विचारता असं वचन द्यायचं नाही, ही पॉलिसीतलीच अट आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी इंदूरच्या वर्कशॉपमध्ये गेली. कंपनीचं नाव घेणार नाही, वर्कशॉपचंही नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणजे एक गोड बोलणारा मुलगा. म्हणाला, "सर, टेन्शन मत लीजिए, कॅशलेस है. आप बस यहाँ साइन कर दीजिए, बाकी मैं भर दूँगा." फॉर्म कोरा होता. माझ्या हातात चहाचा कप होता. मी सही केली.

त्या मुलाने चालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, पॉलिसी आपके नाम, आरसी आपके नाम. लेडीज ड्रायव्हर लिखो तो सर्व्हेअर ज्यादा पूछता है." त्याच्या मनात मला मदतच करायची होती. हिचं लायसन्स चालू होतं, लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी सर्व्हेअरचा फोन आला. तो हिने घेतला. गाडी कोण चालवत होतं, असं त्याने विचारलं. ही म्हणाली, "मीच."

आठवड्याभरात पत्र आलं. चालकाबद्दल खोटी माहिती दिली, म्हणून क्लेम नामंजूर. वर्कशॉपने सांगितलं, दुरुस्ती रोख पैसे देऊन करा, नाहीतर गाडी घेऊन जा, इथे ठेवायची असेल तर रोजचं पार्किंग भाडं पडेल.

आता मनातलं खरं सांगतो. त्या रात्री मी हिला म्हणालो, "मीच चालवत होतो असं सांगू का? फोनवर तुझा गोंधळ झाला म्हणू." ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, चालवत मी होते. गाय मी वाचवली आणि गाडीही मीच आपटली. ते माझ्याच नावावर राहू दे ना. आणि तुम्ही काय, आता खोटं लिहिणार?"

मंडळी, फौजेत वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत, पण इतकी कुठली लागली नाहीत.

सकाळी उठून तक्रार लिहायला घेतली. पहिल्याच ओळीत चूक कबूल केली: फॉर्मवर सही माझी आहे, फॉर्म कोरा होता, मी वाचला नाही, हा माझा हलगर्जीपणा. मग पुरावे दिले. पहिला, अपघाताच्या दिवशीचा माझा फोन. या कंपन्यांचे फोन रेकॉर्ड होतात, तेव्हा लिहिलं, तुमचंच रेकॉर्डिंग ऐका. दुसरा, दवाखान्याचा कागद. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. शेजारी बसणाऱ्याचा डाव्या खांद्यावरून. डॉक्टरांनी लिहिलं होतं, उजवा खांदा. सोबत पत्नीचं निवेदन जोडलं, तिच्या अक्षरात, तिच्या सहीचं. एजंटमार्फत पाठवलं नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला थेट ईमेल केला आणि तक्रार क्रमांक मागून घेतला.

तेराव्या दिवशी क्लेम मंजूर झाला.

झाला नसता तर पुढची पायरी मी काढून ठेवली होती. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी कार्यालय भोपाळला आहे. मुंबई, पुणे, अहमदाबाद, हैदराबाद, बेंगळुरू, दिल्ली इथेही आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामक आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल आणि 155255 हा फोनही आहे.

वेळेचा नियमही लक्षात ठेवा. आयआरडीएआयच्या जून 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने 7 दिवसांत निर्णय घ्यायचा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागा. बहुतेक लोक मागतच नाहीत.

क्लेम मंजूर झाला म्हणजे पूर्ण पैसे मिळतात, असं मला वाटत होतं. तिथे दुसरा धडा मिळाला, घसाऱ्याचा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. काचेवर कपात नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला 35 टक्के, पाचच्या पुढे दहापर्यंत 40 टक्के.

समजायला सोपे आकडे घेऊ. गाडी साडेचार वर्षांची. बंपर 12,000, त्यातले 6,000 गेले. बॉनेट आणि फेंडर 20,000, त्यातले 7,000 गेले. काच 8,000, पूर्ण मिळाले. पेंटिंग 16,000. एकत्र बिलात त्याचा चौथा हिस्सा रंगाचा माल धरतात आणि त्यावर निम्मी कपात, म्हणजे 2,000 गेले. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये 1,000 रुपये आपले. बिल 56,000 चं, हातात 40,000. वरचे 16,000 खिशातून. 'झिरो डेप' घेतलं असतं तर यातला घसारा बहुतेक वाचला असता. मी ते थोडा हप्ता वाचवायला नाकारलं होतं.

वर्कशॉपमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळा. बंपर उघडल्यावर आत रेडिएटर वाकलेला निघतो, ब्रॅकेट तुटलेलं निघतं. हे पहिल्या एस्टिमेटमध्ये नसतं. ते बदलण्याआधी सर्व्हेअरला दाखवून पुरवणी मंजुरी घ्यायला लावा. आधी बदललं आणि मग बिल लावलं, तर त्यावरून वाद होतो आणि तो खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. गाडी घेताना दिवसाउजेडी घ्या. बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा, एक चक्कर मारा आणि मगच समाधानपत्रावर सही करा. वर्कशॉपची माणसं वाईट नसतात. त्यांना दिवसभरात वीस गाड्या बघायच्या असतात. आपल्याला एकच बघायची असते, तेव्हा ती नीट बघणं आपलं काम.

आणि किरकोळ डेंट असेल तर आधी हिशेब करा. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, आणि तो वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो. कधी कधी कोपऱ्यावरचा डेंटिंगवालाच स्वस्त पडतो.

माझ्या वयाच्या मंडळींना आज एक काम सांगतो. घरात जे जे गाडी चालवतात त्यांच्या लायसन्सची तारीख बघा. पंचावन्नच्या पुढे ते दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. पॉलिसीचा पीडीएफ उघडून 'झिरो डेप' आहे का बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

गाडी परत आली त्या दिवशी किल्ली मी हिच्या हातात दिली. ती म्हणाली, "तुम्हीच घ्या, मला अजून थोडी भीती वाटते." मी म्हटलं, "मग राजवाड्यापर्यंत तरी घे." ती राजवाड्यापर्यंत म्हणून बसली आणि थेट महूला घरी आणली. वाटेत एक गाय उभी होती, ती बघून दोघंही हसलो.

कोरा कागद समोर आला की चहाचा कप खाली ठेवा, चष्मा लावा आणि आधी तो भरून घ्या. सही त्यानंतर.

जय हिंद.