जादूगारीण हरमनबाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या साली आपल्या बालमेळाव्यात एक जादूगार येऊन गेले, ते आपणा सर्वांना आठवत असेलच. त्यांनी शेवटी एका मुलीला पेटीत निजवले, पेटीवर करवत चालवली आणि मग तिला हसत हसत सबंध बाहेर काढली. टाळ्या झाल्या, मुले घरी गेली. जाता जाता एका चिमुरडीने माझा पदर धरून विचारले, “काकू, पेटीत नेहमी मुलगीच का असते? करवत तिच्या हातात का नसते?” मला काही उत्तर सुचले नाही. “विचारीन हं जादूगाराला,” असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून वाचीत गेले, आणि वाचता वाचता ज्या बाईची गाठ पडली तिची हकीकत आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आधी त्या करवतीविषयी दोन शब्द. हा प्रयोग पिढ्यान् पिढ्या चालत आला असावा असे आपल्याला वाटते, पण तो तसा अलीकडचा. पी. टी. सेलबिट नावाच्या इंग्रज जादूगाराने तो लंडनमध्ये 1921 च्या जानेवारीत प्रथम लोकांपुढे केला. त्या सुमारास क्रिस्टाबेल पँकहर्स्ट या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगवास भोगलेल्या पुढारीबाई, काम शोधीत होत्या. सेलबिटने त्यांनाच पेटीत निजण्याची नोकरी देऊ केली, आठवड्याला 20 पौंड पगारावर! त्यांनी अर्थातच ती नाकारली. या माणसाच्या धिटाईला काय म्हणावे? आपल्या बंगालच्या पी. सी. सरकारांनी 9 एप्रिल 1956 रोजी बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर हाच प्रयोग केला. मुलगी उठून बसण्याच्या आतच कार्यक्रमाची वेळ संपली, आणि ती खरेच मेली अशा समजुतीने घाबरलेल्या प्रेक्षकांच्या टेलिफोनची रीघ लागली. असो. आमची नायिका या सगळ्याच्या पुष्कळ आधीची आहे.

तिचे नाव ॲडलेड हरमन. तिचा जन्म 1853 साली लंडनमध्ये झाला; आईबाप मूळचे बेल्जमचे. लहानपणापासून तिला नाचाचा नाद. ती नृत्य शिकली, किराल्फी यांच्या नर्तकमेळ्यात शिरली, आणि त्या काळी नव्याने निघालेल्या सायकलीवर कसरतीही शिकली. सायकलीवर बसलेली बाई ही त्या दिवसांत जादूइतकीच नवलाची गोष्ट होती, हे ध्यानात घ्यावे.

लंडनमध्ये ‘इजिप्शियन हॉल’ नावाचे जादूच्या प्रयोगांसाठी नावाजलेले एक सभागृह होते. तेथे 1874 साली अलेक्झांडर हरमन या जादूगाराचा खेळ पाहायला ती गेली. जादूगाराने प्रेक्षकांतून एक अंगठी मागितली आणि हिने आपली काढून दिली. ती नाहीशी झाली आणि शेवटी एका पांढऱ्या कबुतराच्या गळ्यात रिबिनीने बांधलेली परत आली. त्या वेळी हिचे लग्न दुसऱ्या एका नटाशी ठरलेले होते म्हणे. पण पुढे अमेरिकेला जाताना जादूगार आणि ती एकाच बोटीवर भेटली, आणि 1875 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी त्या दोघांचे लग्न लावले. लग्नाची दक्षिणा द्यायची वेळ आली तेव्हा नवरदेवाने नोटांची गुंडाळी महापौरांच्याच अंगातून काढली, असे सांगतात.

अलेक्झांडर हरमन म्हणजे त्या वेळचा अमेरिकेतला सर्वात गाजलेला जादूगार. त्याचा वडील भाऊ कार्ल हाही या धंद्यातला मोठा माणूस. अलेक्झांडरची टोकदार दाढी, वर वळवलेल्या मिशा आणि काळा पोशाख पाहून मुले त्याला सैतानच समजत. भर बाजारात अंडे फोडून त्यातून सोन्याचे नाणे काढायचे आणि अंडीवालीला भांबावून सोडायचे, असले उद्योग तो रंगमंचाबाहेरही करी. जाहिरातीला पैसा लागत नसे!

आता यापुढची वीस वर्षे आपल्या हकीकतीत महत्त्वाची आहेत, पण वर्तमानपत्रांत तुम्हाला ती हरमनची वीस वर्षे म्हणून सापडतील. जाहिरातीत त्याचे नाव मोठे. ती काय करीत होती? सुरुवातीला मुलाचा पोशाख घालून मदतनीस म्हणून उभी राहत होती. पुढे ती हवेत अधांतरी तरंगली, तोफेतून उडाली, दहनाच्या प्रयोगात ज्वाळांत दिसेनाशी झाली, मध्यंतरी रेशमी वस्त्रांचे घेर फिरवीत नाचली आणि सायकलही चालवली. आपण ज्याला मदतनीस म्हणतो त्या व्यक्तीचे काम म्हणजे काय, याचा विचार प्रेक्षक करीत नाही. रंगमंचावर बोलतो जादूगार, हातवारे करतो जादूगार. पण अरुंद जागेत अंग चोरून बसायचे, ठरल्या क्षणी सरकायचे, श्वास आवरायचा, आणि बाहेर आल्यावर घाम पुसायला सुद्धा सवड न घेता हसायचे, हे सगळे पेटीतल्या बाईने करायचे असते. पुष्कळदा खरी जादू तीच करीत असते. माझ्या त्या चिमुरडीला द्यायचे अर्धे उत्तर मला इथे सापडले.

दोघांनी मेक्सिको, दक्षिण अमेरिका, युरोप असा प्रवास केला. पैसा अफाट मिळाला. न्यूयॉर्कजवळ व्हाइटस्टोनला टोलेजंग घर, स्वतःची बोट, आणि प्रवासासाठी रेल्वेचा खास डबा, तोही लिली लँगट्री या प्रसिद्ध नटीच्या मालकीचा असलेला! पण हरमनचा हात फार सैल. नाट्यगृहे चालवायला घेतली, त्यात खोट आली. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांच्या मालकांच्या कथा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील त्यांना अधिक सांगायला नको.

17 डिसेंबर 1896. रॉचेस्टर येथील मुक्काम आटोपून कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डला निघाली होती. वाटेत त्याच डब्यात अलेक्झांडर हरमनला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

ॲडलेड त्या वेळी 43 वर्षांची होती. नाटकाचा हंगाम निम्म्यावर आलेला, पुढचे खेळ ठरलेले, कंपनीतल्या माणसांची पोटे तिच्यावर अवलंबून, आणि वैभवाच्या मानाने शिल्लक बेताची. हेच 1896 साल आपल्याकडे अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली ते साल, एवढे सांगितले म्हणजे काळाची कल्पना येईल. अमेरिकेत केशवपन नव्हते हे खरे. परंतु नवरा वारल्यावर महिनाभरात रंगमंचावर उभे राहणे तिथेही कोणी शोभेचे मानीत नव्हते. सामानसुमान विकून टाकणे आणि घरी बसणे हा सोपा मार्ग होता. तिने खेळ चालू ठेवायचे ठरवले.

मात्र एकटीने नव्हे. पॅरिसमध्ये अलेक्झांडरचा पुतण्या लिऑन होता, चेहऱ्यामोहऱ्याने काकासारखा. तिने त्याला बोलावून घेतले, कारण लोकांना ‘हरमन’ म्हणून टोकदार दाढीचा पुरुषच पाहायची सवय झालेली होती. यात तिचा धीर कमी पडला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. दुकान बुडू द्यायचे नसेल तर पाटीवरचे जुने नाव लगेच पुसत नाहीत, हा व्यवहार तिला कळत होता.

आणि तरीसुद्धा 19 जानेवारी 1897 रोजी, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूला पाच आठवडे होत नाहीत तोच, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये तिने जे केले ते पुतण्याच्या आड उभे राहून केले नाही. बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग तिने स्वतः केला. खुणा केलेल्या गोळ्या सहा बंदुकांत भरल्या, सहा शिपाई तिच्यासमोर रांगेने उभे राहिले, हुकूम झाला, बार उडाले, आणि सहाही गोळ्या तिने झेलल्या.

यात हातचलाखी आहेच. खरी सुटलेली गोळी कोणाच्या बापाला झेलता येत नाही. पण हातचलाखी आहे म्हणून धोका नाही असे समजू नका. जादूगारांच्या धंद्यात याच प्रयोगाने बळी घेतलेले आहेत. हरमन कंपनीत काम करीत असलेला विल्यम रॉबिन्सन नावाचा एक हुशार कारागीर पुढे ‘चुंग लिंग सू’ हे नाव आणि चिनी वेष घेऊन इंग्लंडात फार गाजला. त्याच्या बंदुकांत अशी रचना होती की चाप ओढला म्हणजे खालच्या नळीतली दारू पेटावी आणि गोळी भरलेल्या वरच्या नळीला विस्तव लागू नये. वर्षानुवर्षांच्या वापराने ती रचना झिजली. 23 मार्च 1918 च्या रात्री लंडनमध्ये वरची नळी खरोखरच उडाली, गोळी छातीतून गेली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. एक बारीकशी झीज, एवढेच कारण. ॲडलेडसमोर अशा सहा बंदुका होत्या, आणि त्या ज्याच्या भरवशावर आजवर चालल्या तो माणूस आता नव्हता.

लिऑनशी तिचे फार दिवस जमले नाही. तीन हंगाम दोघांनी एकत्र काढले आणि मग आपापल्या वाटेने गेली. 1899 साली तिने बोलून दाखवले होते की आपण बाई आहोत की पुरुष हे बाजूला ठेवून या धंद्यातली अग्रणी म्हणून लोकांनी आपल्याला ओळखावे, त्याविना आपले समाधान होणार नाही. त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे ती स्वतःच्या नावावर खेळ करीत राहिली. जाहिरातीत आता ‘जादूची राणी’ असे छापले जाई. अमेरिकेत तर झालेच, पण युरोपातही तिचे दौरे झाले.

तिने बडबड कमी केली हे मला विशेष वाटते. नवऱ्याची जादू बरीचशी त्याच्या बोलण्यावर चाले. हिने नृत्य, पोशाख, पडदे आणि संगीत यांच्या जोरावर खेळ उभा केला. एक प्रवेश जपानी थाटाचा. दुसऱ्यात नववधूच्या वेषातली मुलगी अधांतरी तरंगे. फरक इतकाच की वीस वर्षे जी स्वतः तरंगत होती ती आता तरंगविणारी झाली होती.

तिचा सर्वात लाडका प्रयोग ‘नोहाचे तारू’. बायबलातली जलप्रलयाची कथा आपल्या मनूच्या आणि मत्स्याच्या कथेसारखीच. रंगमंचावर एक मोठे तारू. आधी ते उघडून आत काही नाही हे दाखवायचे. मग पाणी ओतून प्रलय करायचा. आणि मग धुराड्यातून मांजरे, खिडक्यांतून कबुतरे, आणि दारातून जोडीजोडीने वाघ, सिंह, हत्ती, झेब्रे उतरू लागायचे. हे वाघसिंह म्हणजे मुखवटे आणि कातडी चढवलेले शिकवलेले कुत्रे, बरे का! सगळे उतरल्यावर तारवाची बाजू पडे आणि आत पांढऱ्या वस्त्रातली एक सुंदर स्त्री पहुडलेली दिसे. एवढे प्राणी पाळायचे, गावोगाव न्यायचे, त्यांना खाऊ घालायचे आणि वेळेवर गप्प बसवायचे. घरात चार मुले सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली खरी जादू कोणती ते समजेल.

1926 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमधल्या ज्या गोदामाच्या इमारतीत तिचे सामान आणि प्राणी ठेवलेले होते, तिला आग लागली. पेट्या, पडदे, पोशाख, पन्नास वर्षांचा संसार जळाला. प्राणी बहुतेक सगळे गेले. ती 73 वर्षांची होती.

मी हे वाचीत होते तेव्हा मला वाटले, संपली गोष्ट. पण बाईंनी काही थोडे सामान नव्याने जमवले, लहानसा खेळ बसवला आणि पुन्हा दौऱ्यावर निघाल्या. 1928 च्या सुमारास, वयाच्या पंचाहत्तरीला टेकल्यावर, त्या निवृत्त झाल्या. 19 फेब्रुवारी 1932 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. वुडलॉन येथे नवऱ्याशेजारीच त्यांना पुरले आहे.

(बोलता बोलता मी ‘ती’वरून ‘त्या’वर आले, हे माझ्या आत्ता लक्षात आले. चालायचेच.)

त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या छापल्या गेल्या नाहीत. हस्तलिखित नात्यातल्यांकडे कित्येक वर्षे पडून राहिले. नवऱ्याचे नाव जादूच्या प्रत्येक इतिहासात आले, हिचे त्याच्या पोटात एखाद्या ओळीपुरते. शेवटी मार्गारेट स्टील या अमेरिकेतल्या जादूगार बाईंनी ते हस्तलिखित मिळवून संपादित केले आणि 2012 साली, म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी, ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

आमच्या चिमुरडीला मी ही सगळी हकीकत परवा सांगितली. तिने शांतपणे ऐकली आणि विचारले, “मग त्या कुत्र्यांना आगीतून कोणी बाहेर का नाही काढले?” याचेही उत्तर मला देता आलेले नाही.

मला दिलेली वेळ संपली आहे आणि चहा तयार असल्याची खूण मागून होते आहे.