जुन्या लष्करी रायफलींच्या लहान प्रतिकृति



बाहेरून पाहतां जुन्या लष्करी रायफलीचें हुबेहूब रूप, परंतु पोटांत मात्र पॉइंट टू टूचें लहानसें काडतूस, अशा बंदुका परदेशांतील बाजारांत आज उघडपणें विकल्या जातात. त्या घ्याव्या कीं नाहीं, घेतल्यास काय पाहून घ्याव्या, आणि मुळांत ही वस्तु आहे तरी काय, ह्याविषयीं बोलण्याचें मीं आज योजिलें आहे. शिक्षकी पेशांतील माणसानें बंदुकांविषयीं बोलावें ह्याचें कोणास नवल वाटेल. परंतु शाळेंतील एन. सी. सी. पथकाची देखरेख पुष्कळ वर्षें माझ्याकडे होती, आणि पंचवीस यार्डांवरील निशाणावर पांच-पांच गोळ्या टाकणारीं मुलें मीं शेंकड्यांनीं पाहिलीं आहेत. शिवाय माझा एक भाचा अमेरिकेंत ओहायो राज्यांत असतो. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलास नेमबाजी शिकवावयाची आणि त्याबरोबर दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाचीहि गोडी लावावयाची, म्हणून अशी एखादी प्रतिकृति घेण्याचें त्याच्या मनांत आहे. त्यानें मला सल्ला विचारिला, आणि त्या निमित्तानें हा सगळा विषय मला नीट मांडून पाहावा लागला.

प्रथम काडतुसाकडे वळूं. काडतूस म्हणजे पितळेचें नळकांडें. त्यांत दारू, तोंडाशीं गोळी, आणि दारू पेटविण्यासाठीं बुडाशीं आघातानें स्फोट पावणारा मसाला. हा मसाला बुडाच्या मध्यभागीं स्वतंत्र टोपींत बसविलेला असला तर तें सेंटरफायर. आणि बुडाची जी दुमडलेली पोकळ कड असते तिच्याच आंत पसरविलेला असला तर तें रिमफायर. रिमफायर बंदुकींत सुई ह्या कडेवर आपटते, कड चेपते आणि बार उडतो. आतां कड चेपली जावयाची तर पत्रा पातळच पाहिजे, आणि पत्रा पातळ म्हटला कीं त्याला आंतला दाब फार सोसवत नाहीं. म्हणूनच हें काडतूस लहान राहिलें. पॉइंट टू टू लाँग रायफलची नेहमींची गोळी ४० ग्रेनांची. उलट ली-एन्फील्डच्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी १७४ ग्रेनांची, आणि तिचा वेगहि सुमारें दुप्पट. लहान काडतुसानें खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाहीं, आवाज बेताचा होतो, आणि एका मोठ्या काडतुसाच्या किंमतींत हीं लहान काडतुसें कितीतरी येतात. शिकाऊ माणसाला आणखी काय पाहिजे?

ह्या काडतुसाचा इतिहासहि मौजेचा आहे. फ्लोबेर नांवाच्या फ्रेंच कारागिरानें १८४५ च्या सुमारास आघातटोपीवरच एक बारीक गोळी बसविली आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील नेमबाजीची सोय केली. १८५७ सालीं अमेरिकेंत स्मिथ अँड वेसन ह्यांनीं आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठीं पॉइंट टू टू शॉर्ट काढलें, आणि १८८७ सालीं स्टीव्हन्स कंपनीनें लाँग रायफल हें त्याचें वाढविलेलें रूप आणलें. तेंच आज जगभर वापरांत आहे. मधल्या काळांत कांहीं मोठीं रिमफायर काडतुसेंहि होऊन गेलीं. अमेरिकेच्या यादवी युद्धांत, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्यें, ज्या सोळा बारांच्या हेन्री रायफलीचा आणि सात बारांच्या स्पेन्सरचा बोलबाला झाला त्या दोन्ही रिमफायरच होत्या. आज हेन्रीच्या ज्या प्रतिकृति निघतात त्या मात्र सेंटरफायर आहेत. कारण तें जुनें काडतूस आतां दुकानांत मिळत नाहीं. म्हणजे मूळ बंदूक रिमफायर तिची नक्कल सेंटरफायर, आणि मूळ सेंटरफायर त्यांच्या नकला रिमफायर, असा हा उलटा न्याय आहे!

मोठ्या रायफलीच्या देहांत लहान काडतूस घालण्याची कल्पना व्यापाऱ्यांची नव्हे, ती सैन्याचीच. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत इंग्रजी शिपायांची नेमबाजी किती कच्ची आहे हें शेतकरी बोअरांनीं साऱ्या जगास दाखवून दिलें. त्यानंतर इंग्लंडांत गांवोगांवीं लहान बोअरच्या रायफलींचे क्लब निघाले. त्या चळवळीचा मोठा पुरस्कर्ता लॉर्ड रॉबर्ट्स, ज्याचा जन्म १८३२ सालीं आपल्या कानपुरांत झाला आणि ज्यानें पुढें हिंदुस्थानच्या फौजेचें सेनापतिपद भूषविलें. सैन्यानेंहि जुन्या रायफलींच्या नळ्या बदलून किंवा त्यांच्या आंत बारीक नळी बसवून शिकाऊ रायफली तयार केल्या. आमच्या एन. सी. सी.च्या मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांनीं जी हाताळली ती नंबर टू मार्क फोर ही त्यांतलीच. दिसावयास ती अस्सल एन्फील्ड. तोच दस्ता, तोच बोल्ट, तेंच वजन. मात्र एका वेळीं एकच काडतूस हातानें घालावयाचें. आणि खाली जें मॅगझिन दिसतें त्याच्या आंतला जिन्नस काढून टाकलेला असल्यामुळें तें केवळ रिकाम्या पुंगळ्या गोळा करण्याची पेटी होतें. चिमुकल्या पुंगळ्या वेंचण्यासाठीं गवतांत हात घालावा लागूं नये एवढी काळजी ज्यानें घेतली त्या कारागिराचें मला नेहमीं कौतुक वाटतें.

जर्मनींत ह्याच गोष्टीला निराळें वळण लागलें. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें तेथील सैन्य एक लक्षावर आणून ठेविलें. पुढें १९३४ सालीं “जर्मन क्रीडा नमुना” असें साळसूद नांव दिलेली एक पॉइंट टू टू रायफल निघाली. तिची ठेवण लष्करी माउझरच्या वळणाची होती आणि पोरांच्या हातांत ती कशासाठीं दिली गेली हें पुढच्या पांच वर्षांत सर्वांस कळून आलें. लहान बंदूक निरुपद्रवी म्हणून तिचा हेतूहि निरुपद्रवी, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां खरेदीकडे येऊं. ग्राहकानें प्रथम हें ठरवावें कीं आपल्याला जुनी शिकाऊ रायफल पाहिजे कीं नवी प्रतिकृति. ह्या दोन जाति भिन्न आहेत.

जुनी शिकाऊ रायफल ही स्वतःच इतिहासांतील वस्तु आहे. ती घेतांना नळीच्या आंत उजेड सोडून पाहावें. सुमारें १९३० पूर्वींच्या काडतुसांतील मसाल्यानें नळ्या गंजत असत, आणि दर वेळीं साफ न केलेल्या नळीच्या खांचा खाऊन गेलेल्या आढळतात. बोल्टावरचा आंकडा आणि देहावरचा आंकडा एकच आहे काय हें पाहावें. सुई कडेवर मारावयाची असल्यामुळें ह्या रायफलीच्या बोल्टाचें डोकें थ्री-नॉट-थ्रीच्या डोक्याहून वेगळें असतें. कोणी हौशी गृहस्थानें एकाचें दुसऱ्यास लावून दिलेलें असेल तर ती रायफल हातीं धरूं नये. सरकारी कारखान्यांत आंतून नळी बसविलेली रायफल आणि कोणा खासगी दुकानांत तशी केलेली रायफल ह्यांच्या किंमतींत फार अंतर असतें. हा फरक शिक्क्यांवरून कळतो, विक्रेत्याच्या बोलण्यावरून नव्हे.

नवी प्रतिकृति ही निराळी गोष्ट. जर्मनींतील जर्मन स्पोर्ट गन्स ह्या कारखान्यानें १९४४ च्या स्टुर्मगेवेर रायफलीची पॉइंट टू टू प्रतिकृति काढली. इटलींतील किआप्पा ह्या कारखान्यानें अमेरिकन एम-वन कार्बाइनची काढली. आकारांत त्या मुळाबरहुकूम दिसतात. परंतु आंतील यंत्र अगदीं वेगळें असतें. मूळ बंदुकींत बारानंतर निघणारा वायु दट्ट्याला ढकलतो आणि त्यायोगें बोल्ट उघडतो. प्रतिकृतींत केवळ रिकाम्या पुंगळीच्या मागें येण्याच्या जोरावर बोल्ट सरकतो. म्हणून मूळ यंत्र समजून घेण्याच्या इच्छेनें कोणी प्रतिकृति उघडून पाहील तर त्याची निराशा होईल. तिच्यावरच्या कांहीं कळा आणि आंकडे केवळ शोभेचे असतात. पुष्कळ प्रतिकृतींत पोलादाच्या जागीं जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग असतो. पॉइंट टू टूच्या दाबाला तो पुरतो, ह्यांत लबाडी नाहीं. पण आटे झिजतात, आणि हा माल नातवाच्या हातीं तशाच स्थितींत जाईल अशी अपेक्षा धरूं नये. वजन हातांत घेऊन पाहावें. तसेंच सुटे भाग, विशेषतः जादा मॅगझिन, मिळतात कीं नाहीं हें आधीं विचारावें. कारखान्यानें एखादा नमुना बंद केला कीं चांगली बंदूकहि एका मोडक्या मॅगझिनपायीं भिंतीवर जाऊन बसते.

आणखी एक व्यावहारिक अडचण. आपोआप सरकणाऱ्या ह्या प्रतिकृतींना बहुधा अधिक वेगाचीं काडतुसें लागतात. सौम्य काडतुसानें बोल्ट पुरता मागें येत नाहीं आणि पुंगळी मधेंच अडकते. रिमफायर काडतुसांत मसाला कडेंत सर्वत्र सारखा पसरला नसेल तर चाप ओढूनहि बार उडत नाहीं, आणि हें सेंटरफायरपेक्षां अधिक वेळां घडतें. अशा वेळीं नळीचें तोंड निशाणाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावें, मगच बोल्ट उघडावा. बार फुसका वाटला तर गोळी नळींत अडकली नाहीं ना हें पाहिल्याशिवाय दुसरें काडतूस घालूं नये. आणि ही लहानशी गोळी एक मैलाहूनहि अधिक दूर जाते! निशाणामागें मातीचा बंधारा नसेल तर ती कोणाच्या अंगणांत जाऊन पडेल हें सांगतां येत नाहीं. गोळींत शिसें असतें, म्हणून नेमबाजीनंतर हात धुतल्याखेरीज मुलांस खाऊं देऊं नये.

आतां माझ्या भाच्याचा प्रश्न. त्याच्या मनांत तीन बंदुका होत्या: जर्मन स्टुर्मगेवेरची प्रतिकृति, एम-वन कार्बाइनची प्रतिकृति, आणि जुनी एखादी शिकाऊ बोल्टाची रायफल. पहिलीविषयीं मीं त्याला स्पष्ट नको म्हणून लिहिलें. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत जर्मन मशीनगनीच्या ठाण्यावर एकट्यानें चालून जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीचे नायक यशवंत घाडगे ह्यांनीं देह ठेविला आणि त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या मुलखांतील घरांत नाझी सैन्याच्या बंदुकीचें बाहुलें भिंतीवर शोभेला लागावें हें मला रुचत नाहीं. कोणी म्हणतील, लोखंडाला पक्ष नसतो. संग्रहालयांत तें खरें. पण चौदा वर्षांच्या मुलाला आकाराचीच भूल पडते, आणि आकारासाठींच तर ही प्रतिकृति विकली जाते.

कार्बाइनची गोष्ट निराळी. १९४२ ते १९४५ ह्या काळांत साठ लक्षांहून अधिक कार्बाइनी तयार झाल्या, आणि त्या करणारांत अंडरवुड ही टाइपरायटरची कंपनी होती, हिशेबाचीं यंत्रें करणारी आय. बी. एम. होती, आणि नाणें टाकतांच गाणें वाजविणाऱ्या पेट्यांची रॉक-ओला कंपनीहि होती. मुलाला एका देशाचे सारे कारखाने युद्धाकडे कसे वळले हें समजावयाचें असेल तर ह्याहून चांगला धडा नाहीं. बंदूकहि हलकी, लहान खांद्याला पेलणारी. तथापि आरंभासाठीं मीं तिसरीच पसंत केली. एक काडतूस घालावयाचें, श्वास आवरावयाचा, चाप हळू दाबावयाचा, मग बोल्ट उघडून पुन्हां पहिल्यापासून. ह्या संथपणांतच हात तयार होतो. दहा काडतुसांचें मॅगझिन हातीं आलें कीं मूल मोजावयास लागतें, नेम धरावयास विसरतें. हें मीं मैदानावर पुनःपुन्हां पाहिलें आहे. भाच्यानें उत्तर लिहिलें कीं मुलाला कार्बाइनच हवी आहे. मीं सुचविलें कीं वर्षभर जुन्या रायफलीवर पांच गोळ्या रुपयाएवढ्या वर्तुळांत पडूं लागल्यावर ती घ्यावी. त्या दोघांचें अजून ठरावयाचें आहे.

तेथील कायदाहि सांगणें जरूर आहे. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्याप्रमाणें परवानाधारक दुकानदार अठरा वर्षांखालील व्यक्तीस रायफल विकूं शकत नाहीं. १९९८ पासून खरेदीच्या वेळीं ग्राहकाची माहिती तपासण्याची व्यवस्थाहि आहे. काडतूस लहान म्हणून ह्यांत सवलत नाहीं. राज्याराज्यांचे नियम ह्याशिवाय वेगळे, कांहीं ठिकाणीं मॅगझिनच्या मापावरहि मर्यादा. म्हणजे बंदूक बापाच्या नांवें, किल्लीहि बापाकडे, आणि काडतुसें दुसऱ्या कपाटांत.

आपल्याकडील श्रोत्यांपैकीं कोणास ही हौस वाटली तर त्यांनीं १९५९ चा शस्त्र कायदा आधीं पाहावा. पॉइंट टू टू रायफलीसहि परवाना लागतो, परवान्यासाठीं वयाची सामान्य अट एकवीस वर्षांची आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस तीनऐवजीं दोनच बंदुका बाळगतां येतात. परदेशांतून बंदूक आणणें तर स्वतंत्र परवान्याशिवाय गुन्हाच. काडतुसांसहि हाच कायदा लागू आहे; परदेशीं नेमबाजी करून परत येणारांनीं कोटाचे व पिशव्यांचे सर्व खिसे निघण्यापूर्वीं उलटे करून पाहावेत, कारण विसरलेलें एक काडतूस विमानतळावर पोलिसांपर्यंत नेतें. एन. सी. सी.च्या मुलांना मात्र पथकाचें काम करीत असतां ह्या कायद्यांतून सूट आहे. म्हणून ज्या मुलामुलींना जुन्या एन्फील्डच्या घराण्याची ओळख करून घ्यावयाची असेल, त्यांनीं आपल्या शाळेंत किंवा कॉलेजांत पथक आहे काय, आणि त्याची भरती जूनमध्यें कीं जुलैमध्यें होते, ह्याची चौकशी करावी.