गणिती चिन्हांसाठी स्वतंत्र कळफलक

इ. स. १५५७ मध्ये वेल्सचे वैद्य व गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी दोन समांतर रेषांचे ‘=’ हे चिन्ह प्रथम ग्रंथात छापले. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याचा त्यांना कंटाळा आला होता. श्रम वाचविण्यासाठीच चिन्ह जन्मले. संगणकावर मात्र ‘घटक आहे’ या अर्थाचे ∈ उमटवायचे, तर यादी उघडून शेकडो आकृत्यांतून ते हुडकावे लागते. मग प्रश्नपत्रिकेत जागा मोकळी सोडून चिन्हे पेनाने भरली जातात.

चिन्हांचा जुन्या पद्धतीचा फाँट वापरणे त्याहून घातक. त्यात इंग्रजी ‘पी’ची कळ दाबली की ‘पाय’ दिसतो. संगणकाच्या लेखी तो ‘पी’च राहतो. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की वर्तुळाच्या क्षेत्रफळातील पाय नाहीसा होतो आणि बिचारा विद्यार्थी ‘पी’ची किंमत शोधत बसतो! युनिकोडमध्ये ∈ला २२०८ व ∉ला २२०९ असे जगभर एकच षोडशमान क्रमांक आहेत. नवा कळफलक त्यावरच बेतला पाहिजे.

कळफलक संगणकाला अक्षर पाठवीतच नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो केवळ कोणती कळ दाबली, याचा क्रमांक पाठवितो. अक्षर ठरविते ती संगणकातील आज्ञावली. नेहमीच्या कळफलकावर एफ-१ ते एफ-१२ असतात. प्रमाणित क्रमांकांत मात्र एफ-१३ ते एफ-२४ या बारा कळाही आहेत. त्या आपल्या चिन्हांना द्याव्यात.

प्रत्यक्ष बांधणी सोपी आहे. चार ओळी व चार स्तंभ यांच्या छेदांवर सोळा कळा बसतात. सूक्ष्मनियंत्रकाकडे तारा जातात फक्त आठ. प्रत्येक कळेला एक डायोड मात्र हवाच. अन्यथा आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या गेल्यास चौथीही दाबल्याचा भास होतो.

खरा विचार लागतो तो मांडणीला. आपल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’ येतो, ‘ग’च्या कळेवर ‘घ’. अल्पप्राण सापडला की महाप्राण शोधावा लागत नाही. हाच न्याय येथे लावावा: ∈वर शिफ्टसह ∉, =वर ≠, ⊂वर ⊄. बारा कळांत चोवीस चिन्हे बसतात आणि पाठांतर निम्म्यावर येते. वर्णमालेप्रमाणे किंवा क्रमांकाप्रमाणे कळा लावणे दिसायला शिस्तीचे, पण बोटांना निरुपयोगी.

अर्थात, कळफलक चिन्ह देतो. अपूर्णांकाची रेघ किंवा वर्गमुळाचे छत्र देत नाही. त्यासाठी डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेल्या ‘टेक’सारखी अक्षरजुळणीची आज्ञावलीच हवी. शिफ्ट धरून उरलेल्या चार कळांपैकी एक अशा आज्ञा टंकित करण्यास द्यावी. दोन मोकळ्या ठेवाव्यात, कारण नववीच्या संचांना लागणारी चिन्हे बारावीच्या कलनाला पुरत नाहीत.