एका लष्करी रिव्हॉल्वरची वंशावळ

केडगांवच्या देवीचें दर्शन घेऊन नगरांत शिरणाऱ्या वाटसरूस रणगाड्यांचें नवल वाटत नाहीं. चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र तेथें आहे, आणि १९९४ सालापासून जुन्या रणगाड्यांचें संग्रहालयहि आहे. अशा पंचक्रोशींत दुसऱ्या महायुद्धांतील एखादें बिनटोकाच्या घोड्याचें रिव्हॉल्वर दृष्टीस पडलें, कीं "हें रणगाड्यांतलें" असा निर्वाळा मिळण्यास विलंब लागत नाहीं. त्यांत तथ्य किती, हें शस्त्रालाच विचारावयास हवें.

पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कमरेस वेब्लीचें जड '४५५' रिव्हॉल्वर असे. त्यावर हात बसण्यास पुष्कळ सराव लागे. म्हणून युद्धानंतर हलक्या शस्त्राचा शोध सुरू झाला. वेब्ली कंपनीनें '३८' चा नमुना सादर केला. परंतु सरकारनें त्याच धर्तीचें शस्त्र आपल्या एन्फील्डच्या कारखान्यांत तयार करविलें, व १९३२ सालीं तें फौजेंत घेतलें. वेब्लीनें दाद मागितली, आणि तिच्या पदरांत १,२५० पौंड पडले. सरकारी कारागिरीची ही एक तऱ्हा!

१९३८ सालीं या एन्फील्डच्या घोड्याचें मागील वळलेलें टोक काढून टाकण्यांत आलें. रणगाड्याच्या अरुंद पोटांत वावरतांना तें अडके, असें कारण सांगतात. टोक गेल्यावर अंगठ्यानें घोडा चढविणें सरलें. प्रत्येक बार चापाच्या लांब ओढीनेंच काढावा लागे. मात्र, श्रोतेहो, फसगत होते ती येथेंच. पुढें हाच नमुना साऱ्या फौजेसाठीं बनूं लागला, आणि दुरुस्तीस आलेल्या जुन्या शस्त्रांचींहि टोकें काढलीं गेलीं. टोक नसणें हा रणगाड्याचा पुरावा नव्हे.

पुरावा हवा तर भिंग घेऊन ठसे वाचावे. सांगाड्याच्या उजव्या अंगास कारखाना, नमुना व साल असतें. 'आल्बियन' हें नांव असल्यास तें स्कॉटलंडांतील मोटार-लॉऱ्या बनविणाऱ्या कंपनीचें युद्धकालीन काम समजावें. रुंद बाण ही सरकारी मालकीची खूण. बाणाखालीं इंग्रजी 'आय' असल्यास मालकी हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकास टोक लावून ठोकलेले असल्यास तें सेवेंतून काढून विकलेलें.

राहिला अनुक्रमांक. भगतसिंगांचें कोल्ट पिस्तूल इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहांत काळ्या रंगाखालीं निनांवी पडून होतें. रंग निघाल्यावर १६८८९६ हा अंक दिसला, साँडर्स खटल्याच्या कागदपत्रांशीं तो ताडून पाहिला, आणि २०१६ सालीं ओळख पटली. अंकाइतकेंच श्रेय तो लिहून ठेवणाऱ्या कारकुनाला द्यावयास हवें.

सामान्य शिपायाच्या शस्त्रास असा खटला कोठला? त्याचा आधार म्हणजे सेवापुस्तिका, पत्रें, फार तर चामडी म्यानावरील नांव. आणि घर झाडतांना आधीं रद्दींत जातात ते हेच कागद. शस्त्र मात्र ट्रंकेच्या तळाशीं राहतें. १९५९ च्या शस्त्र-कायद्यानें तें बिनपरवाना घरीं ठेवणें गुन्हा आहे. तें रीतसर पोलीस ठाण्यांत जमा करतांना त्यावरील सर्व ठसे व अंक कागदावर उतरवून घ्यावे. आणि तत्पूर्वीं गंज काढण्याच्या हौसेनें त्यावर कानस चालवूं नये.