पहिला आठवडा : हुतात्मा अग्निशामकांची कुटुंबे आणि एक धर्मादाय बंधुसंघ

(व्याख्यानाचा लेखरूप आशय)



११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचे दोन्ही मनोरे कोसळले आणि त्या शहराच्या अग्निशमन दलातील ३४३ जण एकाच सकाळी मृत्यू पावले. हजारो माणसे जिने उतरून जीव वाचवीत होती, त्या वेळी हे जवान अंगावर जड पोशाख आणि पाठीवर श्वसनाची साधने घेऊन तेच जिने चढत होते. या घटनेवर जगभर विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र ते मनोरे नाहीत. विषय आहे तो या जवानांच्या घरांचा, आणि त्यातही पहिल्या काही दिवसांचा.

कर्ता पुरुष अकस्मात गेला की घरात दु:ख येते; परंतु दु:खाच्या पाठोपाठ, किंबहुना त्याच्या बरोबरीनेच, हिशेबही येतो. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांची फी, परगावाहून आलेल्या आप्तेष्टांची व्यवस्था. न्यूयॉर्कमध्ये या हिशेबाला आणखी एक क्रूर पदर होता. असंख्य कुटुंबांना मृतदेहच मिळाला नव्हता. मृतदेह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून विम्याची रक्कम नाही. शहराच्या प्रशासनाने महिना संपण्यापूर्वीच प्रतिज्ञापत्राच्या आधारे दाखले देण्याची सोय केली, हे खरे. परंतु पती हयात नाही असे स्वत:च्या हाताने लिहून देणे म्हणजे काय, हे ज्या स्त्रीवर ती वेळ आली तिलाच ठाऊक. कित्येकजणी तेव्हाही फोनची वाट पाहत होत्या.

अशा दिवसांत एक साधी घोषणा झाली. ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या कॅथॉलिक पुरुषांच्या धर्मादाय बंधुसंघाने दहा लाख डॉलरांचा ‘हीरोज फंड’ उभारला. कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या प्रत्येक पूर्णवेळ अग्निशामकाच्या, पोलिसाच्या आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवकाच्या कुटुंबास तातडीची मदत म्हणून तीन हजार डॉलर देण्याचे ठरले. मृत व्यक्ती बंधुसंघाची सभासद होती का, हे विचारायचे नव्हते. ती कॅथॉलिक होती का, हेही विचारायचे नव्हते.

तीन हजार डॉलर म्हणजे अमेरिकेत काही मोठी रक्कम नव्हे. महिना-दीड महिन्याचा घरखर्च भागेल इतकीच. पुढे अमेरिकी संसदेने कायदा करून जो भरपाई निधी स्थापन केला, त्यातून २००४ पर्यंत सातशे कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वाटली गेली आणि मृतांच्या वारसांना सरासरीने सुमारे वीस लाख डॉलर मिळाले. त्या आकड्यापुढे तीन हजार अगदीच नगण्य वाटतात. तथापि त्या भरपाईसाठी अर्ज होते, सुनावण्या होत्या, मृताच्या भावी उत्पन्नाची गणिते होती, आणि विमान कंपन्यांवर दावा लावण्याचा हक्क सोडून देण्याची अट होती. तेथे न्याय होता, पण वेळ लागणार होता. तीन हजारांत न्याय नव्हता. वेळेवर येणे होते.

मोठ्या निधीला स्वत:चेच ओझे कसे होते, याचेही उदाहरण त्याच काळातले आहे. अमेरिकन रेड क्रॉसने या आपत्तीसाठी उघडलेल्या स्वतंत्र निधीत पन्नास कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली. त्यातील काही भाग भविष्यातील आपत्तींसाठी राखून ठेवण्याचा मानस प्रकट होताच देणगीदार संतप्त झाले, संसदीय समितीपुढे विचारणा झाली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ती सर्व रक्कम ११ सप्टेंबरच्या पीडितांसाठीच खर्च करण्याचे जाहीर करावे लागले. हेतू वाईट होता असे मुळीच नाही. भविष्याची तरतूद हा कोणत्याही विश्वस्ताचा धर्मच असतो. परंतु देणाऱ्याने ज्या घरासाठी पैसा दिला, त्या घरापर्यंत तो पोहोचावा एवढीच त्याची अपेक्षा असते.

मग या बंधुसंघाला पहिल्या आठवड्याचे महत्त्व इतक्या त्वरेने का उमगले असावे? उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे, आणि ती कथा न्यूयॉर्कहून रेल्वेने दोनेक तासांच्या अंतरावर असलेल्या न्यू हेवन या गावी घडली.

मायकेल मॅकगिव्हनी यांचा जन्म १८५२ साली कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी येथे, आयर्लंडहून आलेल्या स्थलांतरित कुटुंबात झाला. वडील पितळेच्या कारखान्यात साचेकाम करीत. तेरा वर्षांचा मायकेलही शाळा सोडून चमचे घडविण्याच्या कामाला लागला. पुढे तो धर्मगुरू होण्यासाठी शिकत असताना, १८७३ मध्ये, वडील वारले. मागे आई आणि धाकटी भावंडे. शिक्षण अर्धवट टाकून त्याला घरी परतावे लागले. धर्मप्रांताने खर्चाची व्यवस्था केली म्हणूनच तो पुन्हा अभ्यासाकडे वळू शकला आणि १८७७ मध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. वडिलांच्या मृत्यूनंतरचा पहिला आठवडा त्याने पुस्तकात वाचलेला नव्हता.

न्यू हेवनच्या सेंट मेरी चर्चमध्ये सेवा करताना त्यांना तेच चित्र घरोघर दिसले. कारखान्यातले काम धोक्याचे, वस्ती दाटीची, रोगराई नित्याची. कर्ता गेला की प्रकरण वारसा न्यायालयात जाई. मुलांच्या पालनपोषणाची हमी देणारा कोणी उभा राहिला नाही, तर कुटुंब विखुरण्याची वेळ येई; आईची मुले आईपासून तोडली जात. १८८२ च्या प्रारंभी अशाच एका पितृछत्र हरपलेल्या मुलासाठी मॅकगिव्हनी स्वत: न्यायालयात उभे राहिले आणि त्याचे पालकत्व त्यांनी स्वीकारले. परंतु एक धर्मगुरू किती मुलांचा पालक होणार?

ऑक्टोबर १८८१ मध्ये चर्चच्या तळघरात काही गृहस्थांना बोलावून त्यांनी या प्रश्नावर विचारविनिमय सुरू केला होताच. २९ मार्च १८८२ रोजी राज्याच्या विधिमंडळाकडून सनद मिळाली आणि ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ची रीतसर स्थापना झाली. पद्धत अगदी सरळ होती. सभासद वारला की उरलेल्या प्रत्येक सभासदाने एक डॉलर द्यायचा आणि जमलेली रक्कम त्याच्या विधवेकडे पोहोचवायची. ही भिशी नव्हे. भिशीत आपला क्रमांक केव्हातरी लागावा अशी इच्छा असते, येथे तो लागू नये अशीच प्रत्येकाची प्रार्थना. या योजनेत एक दोषही होता. तरुण आणि वृद्ध यांनी सारखेच द्यायचे म्हटल्यावर, सभासद वयोवृद्ध होत गेले की मृत्यू वाढतात आणि डोळ्यांदेखत बोजाही वाढतो. त्या काळातील अनेक परस्परसाहाय्य मंडळे याच खडकावर फुटली. या बंधुसंघाने पुढे वयानुसार वर्गणी आकारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत स्वीकारली, म्हणून तो टिकला. केवळ सद्भावनेवर संस्था शतकभर चालत नाहीत. त्यांना गणितही यावे लागते. मॅकगिव्हनी हे सर्व पाहण्यास राहिले नाहीत. १४ ऑगस्ट १८९० रोजी, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

म्हणजे ज्या संस्थेचा जन्मच मृत सभासदाच्या दारी पैसे वेळेवर पोहोचविण्यासाठी झाला, तिला २००१ मध्ये काही नवे शोधून काढावे लागले नाही. जुनेच काम करायचे होते. मात्र आरंभी जो आधार केवळ सभासदांपुरता आणि एका पंथापुरता होता, तो या वेळी उंबरठा ओलांडून बाहेर आला. स्वत: छळ आणि अव्हेर सोसलेल्या स्थलांतरितांनी आपल्यापुरते उभारलेले कुंपण त्यांच्याच वारसांनी उघडले, ही या कथेतील मोठी गोष्ट होय.

तरीही एक प्रश्न उरतोच आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच उत्तर मनोऱ्याच्या माथ्यावर ‘विंडोज ऑन द वर्ल्ड’ नावाचे उपाहारगृह होते. तेथे त्या सकाळी कामावर असलेले ७३ कर्मचारी मृत्यू पावले. आचारी, वाढपी, भांडी घासणारे. त्यांतील अनेक परदेशांतून पोटासाठी आलेले. त्यांच्या विधवांना कोणी वीरपत्नी म्हटले नाही. अग्निशामकांच्या कुटुंबांकडे देणग्यांचा जो ओघ वळला, त्याच्या तुलनेत या घरांकडे फार थोडे वळले. अखेर न्यूयॉर्कमधील काही नामवंत बल्लवाचार्यांनी ‘विंडोज ऑफ होप’ हा निराळा निधी उभारला. वीरमरणाला मान द्यावा हे योग्यच. पण घराचा हप्ता वीराच्या घरी आणि वाढप्याच्या घरी एकाच तारखेला येतो.

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला धागा दुर्दैवाने फार जुना आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्यांबरोबर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. जवान पाण्याचा मारा करीत असतानाच, दुपारी चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी कामी आले. त्यांच्याच स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत, व्यापारी पेढ्यांनी गजबजलेल्या भागात, गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली. त्या दुर्घटनेने मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी हिरावून नेले. त्यांतील दोघे रुग्णालयात काही दिवस मृत्यूशी झुंजत होते.

१४ ते २० एप्रिल या सप्ताहात अग्निशमन दलाचे जवान लहानशी कागदी ध्वजचिन्हे लोकांच्या छातीवर लावतात आणि कल्याणनिधीसाठी देणगी स्वीकारतात. देणारे बहुधा नाणे टाकून पुढे निघून जातात. डब्यात पडणारी रक्कम कोणत्या घरी जाणार, हे त्या क्षणी देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि डबा धरून उभ्या असलेल्या जवानालाही.